मुक्काम पोस्ट लष्कर

दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा मुक्काम हलायचा तेव्हा सगळ्यांच्या पुढे बिनीवाला निघायचा. तो जागा मुक्रर करून एक लहानसा पांढरा झेंडा रोवायचा. तिथे महाराजांच्या डेऱ्यांची देवडी. मग मागून येणाऱ्या एकेका बाजाराचं निशाण लागायचं. गाव बदललं तरी बाजारांचा आपापसातला क्रम बदलायचा नाही, कालचा शेजारी आजही शेजारीच. दुकानांच्या दोन समांतर रांगा, मधून लांबलचक रस्ता, देवडी साधारण मध्यावर, तिच्यासमोर मुख्य बाजार आणि डाव्या-उजव्या अंगाला सरदारांचे तळ, ज्याच्या त्याच्या बाजाराला धरून. हा रस्ता तीन-चार मैलही भरायचा. इंग्रज रेसिडेंटाच्या रक्षक तुकडीचा अधिकारी टॉमस ब्रॉटन 1809 साली या छावणीबरोबर हिंडत होता. त्याची पत्रं 1813 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. मराठ्यांविषयी तो पुष्कळदा कुत्सितपणे लिहितो, पण तळाच्या मांडणीबाबत त्याची नजर पक्की आहे.

पुढच्याच वर्षी, 1810 मध्ये, हा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला पडला आणि उठलाच नाही.

का उठला नाही, याचं उत्तर तहांच्या कागदात आहे. 1803 मध्ये असई आणि लासवारीला इंग्रजांकडून हार झाली, सुर्जी-अंजनगावच्या तहाने दिल्ली, आग्रा आणि दुआब गेला. 1805 च्या तहात ग्वाल्हेर परत मिळालं, पण चंबळ ही हद्द ठरली. ज्या फौजेचं पोट मुलुखगिरीवर, तिला जायला मुलूखच उरला नाही. राजधानी उज्जैनहून इथे आली आणि 1817 च्या तहाने उरलासुरला मोकळेपणाही संपवला. राहुट्यांच्या जागी भिंती उभ्या राहिल्या. गावाला नाव मात्र वेगळं द्यावं असं कुणाला वाटलं नाही. ते लष्करच राहिलं.

आजच्या लष्करात फिरताना ब्रॉटनचं वर्णन आठवतं. महाराज बाडा आणि त्याला लागून गोरखी हा जुना राजवाडा, म्हणजे देवडीची जागा. बाड्यालगत सराफा. आणि आसपास सरदारांची नावं: फालका बाजार, पाटणकर बाजार, निंबाळकर की गोठ, चिटनीस की गोठ, शिंदे की छावनी. ही गोठ म्हणजे आपला गोट, सरदाराचा तळ; हिंदीत गेल्यावर शेवटी ठ आला, एवढंच. महादजी शिंद्यांच्या काळात द बॉइन्य या युरोपी सेनानीने उभ्या केलेल्या कवायती पलटणींना कंपू म्हणत, तेही नाव एका वस्तीला चिकटून आहे. बाजार आणि सरदार यांची ही जोडी योगायोगाने जमली असेल असं मला वाटत नाही. मात्र प्रत्येक गल्ली बिनीवाल्याच्या झेंड्यापाशी नेऊन जोडण्यात अर्थ नाही: बाड्याभोवतीचं टपाल कार्यालय, टाउन हॉल, व्हिक्टोरिया मार्केट या दगडी इमारती पुष्कळ नंतरच्या, आणि 1874 चा जयविलास राजवाडा तर बाड्यापासून दूर, युरोपी थाटाचा.

छावणीचं शहर होणं जगाला नवं नाही. इंग्लंडातलं चेस्टर रोमन सैन्याच्या ठाण्यावर उभं आहे. पण रोमन ठाणं चौकोनी, तटबंद आणि मोजून आखलेलं असे. मराठी तळाला तट नसे. त्याचा कणा बाजार होता. व्यापारी, सराफ, कारागीर सैन्यासोबतच चालत. त्यामुळे मुक्काम कायमचा झाला तेव्हा शहराला लागणारी माणसं बाहेरून बोलवावी लागली नाहीत.

जवळच्या मुरारची गोष्ट उलटी. 1844 नंतर इंग्रजांनी तिथे आपली छावणी उभारली ती पहिल्यापासूनच एका जागी राहण्यासाठी, शिंद्यांवर नजर ठेवायला. 1886 मध्ये किल्ल्याबरोबर मुरारही शिंद्यांकडे आलं. जुनं ग्वाल्हेर किल्ल्याच्या पायथ्याशी, पूर्वेच्या अंगाला होतंच. ही तिन्ही गावं आता एकाच महापालिकेत आहेत, तरी पत्ता सांगताना इथला माणूस अजूनही आधी लष्कर म्हणतो, मग ग्वाल्हेर.