टेकडीवरचे उपनगर आणि मजुराचे घर



लंडनच्या उत्तरेस हॅम्पस्टेड हीथ नावाचे विस्तीर्ण माळरान आहे. त्याच्या पलीकडच्या टेकडीवर १९०७ साली एक वसाहत उभी राहू लागली. तिचे नाव हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब, म्हणजे बागांचे उपनगर. आज तेथे घर घेणे हे धनिकांचेच काम आहे. परंतु वसाहतीचा आरंभ झाला तो पूर्व लंडनच्या गल्लीबोळांतील कष्टकरी माणूस डोळ्यांपुढे ठेवून. हे अंतर कसे पडले, एवढेच मला आज पाहावयाचे आहे.

हेन्रिएटा बार्नेट ही व्हाइटचॅपेलच्या पाद्र्याची पत्नी. दारिद्र्याच्या त्या वस्तीत या दांपत्याने बरीच वर्षे काढली. पुढे माळरानाजवळ रेल्वे येणार, आणि जमिनीवर घरांच्या रांगाच रांगा उठणार, अशी चिन्हे दिसताच बाई पुढे सरसावल्या. ८० एकर जमीन सर्वांसाठी मोकळी राखविली आणि शेजारची २४३ एकर ट्रस्टने विकत घेतली. श्रीमंत-गरीब, म्हातारे-तरुण साऱ्यांनी एका ठिकाणी शेजारी म्हणून नांदावे, ही बाईंची कल्पना. आखणी केली रेमंड अन्विन याने. हा गृहस्थ तरुणपणी समाजवादी चळवळीत वावरलेला. एकरी सरासरी आठांहून अधिक घरे नकोत, समोरासमोरच्या घरांत किमान ५० फूट अंतर हवे, आणि भिंतीऐवजी हिरवे कुंपण हवे, असे ठरले. अरुंद रस्त्यांना तेव्हाचे नियम आड येत, म्हणून १९०६ साली पार्लमेंटकडून खास कायदा करून घेतला. दहा-बारा फुटांच्या खोलीत सारा संसार मांडणाऱ्या आपल्या चाळकऱ्याला हे वाचून नवल वाटेल. मला तर प्रथम वाचले तेव्हा हेवाच वाटला.

टेकडीच्या माथ्यावर मोठा चौक, आणि त्यात लट्यन्स या प्रसिद्ध वास्तुशिल्प्याने बांधलेली दोन प्रार्थनामंदिरे व एक शिक्षणसंस्था. मोठी घरे माळरानाच्या बाजूस, कारागिरांची छोटी घरे उत्तरेच्या उतारावर. शेजार झाला खरा, पण उतारावर पायऱ्या राहिल्याच. माथ्यावर दुकान नाही आणि दारूचा गुत्ताही नाही. गुत्ता नसल्याचे दुःख मी करीत नाही. तथापि इंग्लंडात कामगारांच्या सभा बहुधा गुत्त्यावरच्या खोलीतच भरत, आणि हळद-मिठासाठी टेकडी उतरावी लागते ती बाईमाणसालाच. आखणाऱ्यांच्या घरात हे काम नोकर करीत असावेत!

आता मुख्य गोष्ट. कारागिरांची घरे बांधली भाडेकरूंच्या सहभागीदारी मंडळीने. या चळवळीचा पुढारी हेन्री व्हिव्हियन हा सुतारांच्या युनियनमधला माणूस, १९०६ साली पार्लमेंटात निवडून आलेला. त्याची रीत अशी : भाडेकरूने हप्त्याहप्त्याने शेअर घ्यावेत, भांडवलाला व्याज मर्यादित असावे, आणि उरलेला नफा भाड्याच्या प्रमाणात भाडेकरूंच्या नावे शेअर म्हणून जमा व्हावा. म्हणजे घराचा मालक कोणी एक नाही, सारे राहणारे मिळून मालक. घरमालकाच्या दारात उभे राहण्याचे ज्यांच्या नशिबी आले आहे त्यांना या योजनेचे मोल सांगावे लागत नाही.

परंतु पक्की नोकरी असलेला सुतार हप्ता भरू शकत होता, गोदीवर रोज सकाळी काम मिळेल की नाही या चिंतेत उभा राहणारा हमाल नव्हे. भाडेकरूंच्या शेअरांनी एवढे बांधकाम होणे शक्य नव्हते, म्हणून बाहेरच्या भांडवलदारांचा पैसा घ्यावा लागला. ज्याचा पैसा त्याचा शब्द. ट्रस्टने १९११च्या सुमारास आणखी सुमारे ४०० एकर जमीन भाडेपट्ट्याने घेतली. महायुद्धानंतर तेथे जी घरे झाली ती मुख्यतः मध्यमवर्गाची. भाडेकरूंच्या मंडळ्यांचे शेअरही कालांतराने बाहेरच्यांच्या हाती गेले. कारागिराची झोपडीवजा सुबक घरे तशीच राहिली, कारागीर गेले.

सारेच व्यर्थ गेले असे मात्र मी म्हणणार नाही. १९१८ साली सरकारी समितीने कामगारांच्या घरांविषयी अहवाल दिला. तो लिहिण्यात अन्विनचा मोठा हात होता. शहरात एकरी १२ घरे, समोरासमोर ७० फूट अंतर. १९१९च्या कायद्याने असली घरे बांधण्यास नगरपालिकांना सरकारी पैसा मिळाला. दोन वर्षांतच सरकारने हात आखडता घेतला, तरी काम सर्वस्वी थांबले नाही. लंडन कौंटी कौन्सिलने १९२१ ते १९३५ या काळात शहराच्या पूर्वेस बेकनट्री येथे २५,००० हून अधिक घरे उठविली. पूर्व लंडनची असंख्य कुटुंबे तेथे राहावयास गेली. तेथे टेकडी नव्हती, लट्यन्सही नव्हता. दारापुढे हिरवे कुंपण होते, मागे परसू होते, आणि भाडे कौन्सिलला जात होते. मात्र ती जागा कौंटीच्या हद्दीबाहेर असल्यामुळे, ज्या कौन्सिलला भाडे द्यावयाचे तिच्या निवडणुकीत तेथल्या भाडेकरूला मत नव्हते.