जलचर अपृष्ठवंशी प्राण्यांचे नमुनापरीक्षण (हतनूर धरणाखालील तापी)

नदीच्या तळाशी, दगडांखाली, वाळूत व पाणवनस्पतींच्या मुळांशी राहणारे, नुसत्या डोळ्यांनी दिसणारे अपृष्ठवंशी प्राणी ठरावीक रीतीने गोळा करून त्यांवरून नदीची प्रकृती ठरविण्याची पद्धत. कीटकांच्या अळ्या, गोगलगायी, शिंपले, जळवा, कृमी, झिंगे हे त्यातले मुख्य प्राणी. बाटलीत भरलेले पाणी त्या घटकेपुरतेच बोलते. रात्री सोडलेले सांडपाणी सकाळपर्यंत वाहून गेलेले असते. हे प्राणी आठवडे-महिने त्याच तळावर काढतात, म्हणून मधल्या काळातली हलाखीही त्यांच्यावरून कळते.

भुसावळ तालुक्यातील हतनूर धरण १९८२ मध्ये पूर्ण झाले. त्याला ४१ दरवाजे आहेत. चांगदेवजवळचा तापी-पूर्णा संगम धरणाच्या वरच्या अंगाला आहे. दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रालाही हतनूरचेच पाणी मिळते. पावसाळ्यात दरवाजे उघडले की गढूळ लोंढा तळ खरवडून नेतो. उन्हाळ्यात धरणातून पाणी सोडण्याच्या दोन आवर्तनांच्या मधल्या काळात प्रवाह मंदावतो आणि पाणी तापते. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. म्हणजे सांडपाण्याचा थेंबही न मिसळता इथले प्राणी कमी होऊ शकतात. धरणाखालच्या परीक्षणात धरणाचा परिणाम आणि सांडपाण्याचा परिणाम यांतला हा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच सर्वांत जास्त वेळा सुटतो.

तो ओळखायचा तर जागा विचारपूर्वक निवडाव्या लागतात. फुगवट्याच्या वर तापीवर एक आणि पूर्णेवर एक, कारण धरणातले पाणी दोन्ही नद्यांचे असते. मग धरणाच्या पायथ्याशी, दीपनगरच्या वर, दीपनगरच्या खाली आणि भुसावळचे सांडपाणी मिसळल्यानंतर. प्रत्येक ठिकाणी तळ सारखा हवा. दगडगोट्यांवरच्या धारेची तुलना गाळाच्या डोहाशी करू नये. सातपुड्यातल्या ओढ्याची तापीच्या रुंद पात्राशी तर नाहीच. आवर्तन सुटल्याबरोबर घेतलेला नमुना फसवा ठरतो, म्हणून विसर्गाची तारीख नोंदवहीत लिहावी. पात्रात उतरण्यापूर्वी पाणी सोडण्याची वेळ पाटबंधारे कार्यालयात विचारावी. इथे पाणी बघता बघता चढते.

उथळ धारेत अर्धा मिलिमीटर छिद्रांची जाळी प्रवाहाकडे तोंड करून धरतात आणि तिच्या वरच्या अंगाचा तळ पायाने तीन मिनिटे ढवळतात. मग हाताने दगड उलटून पाहतात. चांगल्या धारेतल्या दगडाच्या खालच्या बाजूला मेफ्लायची चपटी अर्भके चिकटलेली असतात. शेजारी कॅडिसफ्लायच्या अळीने रेशमाने विणलेली बारीक जाळी दिसते. वाहत आलेले अन्न अळी या जाळीत अडवते. गाळाच्या डोहात ग्रॅबने चिखल काढून चाळणीने धुतात. सगळा माल पांढऱ्या ट्रेमध्ये ओतला की वळवळणारे जीव उठून दिसतात. ओळख पटलेले तिथेच सोडावेत, शंकेचे तेवढे ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत.

सापडलेल्या कुळांना गुण देण्याची मूळ पद्धत ब्रिटनमध्ये १९७६ साली नेमलेल्या कार्यगटाची. प्रदूषण अजिबात न सोसणाऱ्या कुळाला १०, कमी प्राणवायूतही तगणाऱ्या लाल कायरोनोमिड अळ्यांना २, गांडूळवर्गीय कृमींना १. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हीच पद्धत भारतीय नद्यांसाठी बदलून घेतली. त्यात कुळांच्या गुणांच्या सरासरीला विविधतेच्या गुणांकाची जोड आहे. प्राणी एकामागून एक उचलून आधीच्याशी ताडतात, वेगळा निघाला की नवी मालिका मोजतात आणि मालिकांच्या संख्येला प्राण्यांच्या संख्येने भागतात. दोन्ही मिळून पाण्याचे पाच वर्ग ठरतात. स्वच्छासाठी निळा, अतिप्रदूषितासाठी लाल रंग.

आकडा वाचताना सावध राहावे. स्टोनफ्लायला पूर्ण गुण असले तरी तिला थंड, खळाळते पाणी लागते. खानदेशातल्या उष्ण, गाळाच्या नदीत ती मिळाली नाही म्हणून दोष सांडपाण्याला देता येत नाही. धरणाच्या पायथ्याशी जलाशयातले प्लवक वाहत येते, त्यावर जगणाऱ्या जाळीवाल्या कॅडिस अळ्या भरमसाट वाढू शकतात: संख्या मोठी, विविधता थोडी. धरणापासून दूर जाताना कुळे पुन्हा वाढत गेली तर कारण धरणाच्या प्रवाहात शोधावे. वाढता वाढता एखाद्या नाल्याच्या तोंडाशी ती एकदम घटली आणि लाल अळ्यांनी ट्रे भरला, तर त्या नाल्याचे पाणी तपासावे.