भोंग्यानंतरची झाशी

मराठी माणसाची झाशी 1858 च्या एप्रिलमध्ये संपते. राणी घोड्यावरून निघून गेली, गोऱ्यांनी शहर लुटलं आणि आपण पुस्तक मिटलं. आमच्या घरातल्या गोष्टी मात्र तिथून पुढे रंगायच्या.

आमचं बिऱ्हाड खंडेराव गेटचं. जुन्या तटाचे दतिया, ओरछा, सागर, भांडेर हे दरवाजे आपापल्या गावांची वाट सांगतात. खंडेराव हे नाव मराठी कानाला तेवढं घरचं. 1742 मध्ये नारो शंकर पेशव्यांचे सुभेदार म्हणून आले. ओरछाच्या वीरसिंहदेवाने 1613 मध्ये बांधलेला किल्ला त्यांनी वाढवला, खाली शहर वसवलं, दक्षिणेतून माणसं आणली. आमचा मूळपुरुष त्यांतलाच म्हणे. तो कारकुनीला आला की नुसता पोट भरायला, यावर आजीचं आणि तिच्या दिरांचं शेवटपर्यंत जमलं नाही.

1857 च्या गदरनंतर शहर शिंद्यांकडे गेलं. 1886 मध्ये इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला त्यांना देऊन झाशी परत घेतली. आजोबा हसून म्हणायचे, "शिंद्यांना किल्ला मिळाला, इंग्रजांना जंक्शन." कारण लगेच इंडियन मिडलँड रेल्वे आली. 1889 पर्यंत भोपाळ, आग्रा, कानपूर आणि माणिकपूर अशा चारी बाजूंना रूळ गेले. स्टेशन तटाबाहेर, छावणी तटाबाहेर, सिप्री बाजारही तटाबाहेर. 1895 मध्ये वर्कशॉप निघालं आणि नवी झाशी त्याच्याभोवती वाढली.

बेतवा आणि पहूज या नद्या जवळ असल्या तरी बुंदेलखंडची जमीन खडकाळ, पाऊस लहरी. दरबार बुडालेला. पणजोबांचं मोडी अक्षर मोत्यासारखं, पण ते वाचणारं कुणी उरलं नव्हतं. त्यांनी मुलाला वर्कशॉपात चिकटवलं तेव्हा पणजीने दोन दिवस अबोला धरला. दरबारातल्या घरचा पोरगा हातोडा धरणार! पहिला पगार हातात पडला आणि अबोला सुटला. आजोबा शेवटपर्यंत फिटर होते. संध्याकाळी आल्यावर रॉकेलने बोटांचं ग्रीस काढायचं, मग साबण लावायचा आणि मगच देवघरात पाऊल टाकायचं. तरी नखांच्या कडा काळ्याच राहायच्या, आणि नैवेद्याला रॉकेलचा वास येतो म्हणून आजी कुरकुरायची.

घड्याळ गावात थोड्यांकडेच. वेळ सांगायचा तो वर्कशॉपचा भोंगा. आत्या आजही सांगते, "माझ्या अक्षता दुसऱ्या भोंग्याला पडल्या."

1900 मध्ये इंडियन मिडलँडची लाइन ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेकडे गेली. तिचं मुख्यालय मुंबईत बोरीबंदरला, त्यामुळे देश पुन्हा जवळ आला. पूर्वजांना घोड्याबैलांवर जिथून यायला महिने लागले, तिथे आजोबा रेल्वेच्या पासावर जाऊन यायचे. 1912 पासून पंजाब मेल धावू लागली. आमच्या घरात सुना भुसावळहून आल्या, लेकी नाशिकला गेल्या. सोयरिकी पत्रिकेआधी टाइमटेबल बघून ठरत, असं आत्याचे सासरे म्हणायचे.

याच लाइनीवरची दुसरी गोष्ट आजोबा आवाज खाली आणून सांगायचे. चंद्रशेखर आझाद झाशीत लपून राहिले होते. त्यांच्या गटातले झाशीचे सदाशिवराव मलकापूरकर आणि भगवानदास माहौर 1929 मध्ये स्फोटकांसह भुसावळ स्टेशनवर पकडले गेले. पुढच्या वर्षी त्यांच्यावरच्या खटल्यात जळगावच्या कोर्टात माफीच्या साक्षीदारावर गोळी झाडली गेली. झाशीचं बंड संपलं नव्हतं, ते रेल्वेने प्रवास करू लागलं होतं.

स्वातंत्र्यानंतरही मराठी नावं पुसली गेली नाहीत. 1952 मध्ये रघुनाथ विनायक धुळेकर इथूनच लोकसभेवर गेले आणि आत्माराम गोविंद खेर उत्तर प्रदेश विधानसभेचे अध्यक्ष झाले. धागा सैल झाला तो 2003 मध्ये. झाशी विभाग मध्य रेल्वेतून उत्तर मध्य रेल्वेत गेला आणि मुंबईऐवजी अलाहाबाद मुख्यालय झालं. 2021 च्या अखेरीस स्टेशनला राणीचं नाव देण्यात आलं. ते योग्यच झालं, पण त्या फलाटाखालची माणसं त्या नावात मावत नाहीत.

झाशीला याल तेव्हा किल्ला बघाच. नंतर एखाद्या निवृत्त रेल्वेवाल्याच्या घरी जाऊन मराठीत बोला. तो बुंदेली मिसळून उत्तर देईल. ते लिहून घ्या, कारण सांगणारे आता ऐंशीच्या पुढे गेले आहेत.