विमानवेधी तोफेचें यश

पनवेलजवळचा कर्नाळा किल्ला कोकणांत उतरणाऱ्या वाटेवर नजर ठेवून उभा आहे. शत्रूला घाटांतून किंवा खिंडींतूनच यावें लागतें, तेवढी वाट अडविली कीं मुलूख राखला, हें जुन्या दुर्गविद्येचें मुख्य सूत्र होय. विमानानें तें निकामी केलें. कारण आकाशाला खिंड नाहीं.

त्यांत दुसरी अडचण अशी, कीं गोळा वर पोहोंचेपर्यंत विमान पुढें सरकलेलें असतें. तें जेथें आहे तेथें नव्हे, तर जेथें असेल तेथें नेम धरावा लागतो. हा अंदाज एका गोळ्यानें क्वचितच साधतो; म्हणून गोळ्यांचा वर्षाव हवा. स्वीडनमधील बोफर्स कारखान्यानें १९३० नंतरच्या दशकांत ४० मिलिमीटर व्यासाची तोफ सिद्ध केली, ती मिनिटास सुमारें १२० गोळे झाडी. तोफेला बसणाऱ्या धक्क्याच्याच जोरानें रिकामें टरफल बाहेर पडे व पुढचा गोळा आंत जाई. दुसऱ्या महायुद्धांत ही तोफ दोन्ही पक्षांनीं वापरली.

परंतु अशा तोफांचें यश मोजावें कसें? त्याच युद्धांत इंग्रजांनीं व्यापारी जहाजांवर विमानवेधी तोफा बसविल्या. भूमध्य समुद्रांतील हिशेब पाहतां हल्ला करणाऱ्या १०० विमानांपैकीं जेमतेम ४ पडलीं होतीं. मग हा खर्च व्यर्थ, तोफा काढून घ्याव्या, असें म्हणणारे निघाले. कांहीं शास्त्रज्ञांनीं मात्र विमानें सोडून जहाजें मोजलीं. हल्ला झालेल्या जहाजांपैकीं ज्यांनीं तोफा डागल्या नव्हत्या त्यांतलीं शेंकडा २५ बुडालीं होतीं. ज्यांनीं तोफा डागल्या त्यांतलीं शेंकडा १० च. माऱ्यापुढें वैमानिकाचा नेम चुकत होता. आमच्याकडे जोंधळ्याच्या शेतांत माळ्यावर उभा असलेला राखणदार गोफण फिरवितो, त्यानें किती पांखरें मारलीं हें कोण विचारतो? कणसें राहिलीं कीं नाहीं, एवढेंच पाहतात. इंग्रजी जहाजांवर त्या काळीं रत्नागिरीकडील खलाशी पुष्कळ असत. तेव्हां हा हिशेब कोकणांतल्या घरांचाही होता.

पुढें क्षेपणास्त्रें आलीं आणि तोफेचा काळ सरला असें वाटूं लागलें. परंतु मे २०२५ मध्यें पश्चिम सीमेवर पाकिस्तानचे ड्रोन थव्यांनीं आले, तेव्हां भारतीय सेनेनें बोफर्सचीच पुढची एल-७० तोफ, रडार व कॅमेऱ्यांची जोड देऊन, त्यांवर चालविली. स्वस्त ड्रोनावर महागडें क्षेपणास्त्र खर्चणें परवडत नाहीं. त्या दिवसांत किती ड्रोन पडले ह्याची चर्चा घरोघर झाली. ती स्वाभाविकच, तथापि तोफांच्या छायेखालचीं किती गांवें व ठाणीं शाबूत राहिलीं, हा प्रश्न आम्ही अधिक मोलाचा समजतों.