श्रोत्याची भ्रमंती: पं. भातखंडे यांच्या संगीतयात्रा आणि गोंदियावरून गेलेला लोहमार्ग

१/२०
इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांची बालपणीची घरे 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेने जपून ठेवली आहेत. बीटल्सचे चाहते जगभरातून तेथे येतात, त्या गल्ल्यांतून हिंडतात. गाण्यावरील प्रेमापोटी गावोगाव फिरण्याची ही हौस परदेशी मानली जाते. परंतु सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईचा एक वकील याच ओढीने भारतभर हिंडला आणि त्या भ्रमंतीतून आपल्या संगीतशिक्षणाचा पाया घातला गेला. त्या प्रवासांविषयी हा #धागा.

२/२०
विष्णु नारायण भातखंडे. जन्म १० ऑगस्ट १८६०, मुंबईतील वाळकेश्वर येथे. घराणे गवयांचे नव्हते. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण, पुढे कायद्याची पदवी आणि वकिली. सतार व गायन ते शिकले, परंतु ते उपजीविकेसाठी नव्हे. १८८४ साली ते मुंबईच्या 'गायन उत्तेजक मंडळी'त दाखल झाले. तेथे नामवंत गवयांचे गाणे ऐकण्याची व चिजा शिकण्याची संधी त्यांना मिळाली. म्हणजे मुळात ते एक जाणकार रसिक होते. पुढचे सर्व समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

३/२०
आज कोणताही राग आपण हातातील मोबाइलवर ऐकतो. तेव्हाची स्थिती निराळी होती. भारतात ग्रामोफोनचे व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात सुरू झाले आणि त्या तबकड्यांवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. तंजावर, जयपूर वा रामपूर येथे काय गायले जाते हे जाणून घ्यायचे, तर तेथे जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. रसिकाला प्रवासी व्हावेच लागे.

४/२०
भातखंड्यांच्या प्रवासामागे एक व्यक्तिगत पोकळीही होती. १९०० साली त्यांची पत्नी निवर्तली आणि १९०३ साली मुलगीही गेली. संसाराचे पाश असे तुटल्यावर त्यांनी वकिलीतून अंग काढून घेतले आणि उरलेले आयुष्य संगीताला वाहिले. पहिली मोठी यात्रा मुलीच्या मृत्यूनंतर लगेचच, १९०४ साली सुरू झाली. त्यांच्या ग्रंथांत या दुःखाचा उच्चार शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. तारखा मात्र बोलक्या आहेत.

५/२०
या यात्रा शक्य झाल्या त्या रेल्वेमुळे. मुंबई व कलकत्ता ही शहरे १८७० साली जबलपूरमार्गे लोहमार्गाने जोडली गेली. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि पुढील काही वर्षांत नागपूरहून थेट पूर्वेकडे जाणारा मार्ग तयार झाला. तो आपल्या गोंदियावरून जातो. एकेका दरबारापुरते जगणारे संगीत एकाच माणसाने एका आयुष्यात फिरून ऐकणे, ही या लोहमार्गाची देणगी होय.

६/२०
१९०४ ची यात्रा दक्षिणेची होती. समुद्रकाठचे मद्रास, तंजावर, मदुरा अशी स्थळे या प्रवासात होती. भातखंडे रोज दैनंदिनी लिहीत. कोणास भेटलो, काय विचारले, काय उत्तर मिळाले, काय ऐकले, हे सारे तीत उतरे. या दक्षिणयात्रेचे वर्णन पुढे हिंदी अनुवादातून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. संगीताच्या अभ्यासकाला ती एक क्षेत्रनोंदवहीच वाटते.

७/२०
या यात्रेतील सर्वांत फलदायी मुक्काम कोणत्याही महानगरातला नव्हता. तो होता तमिळ प्रदेशातील एट्टयपुरम या लहानशा जमीनदारीच्या गावी. तेथे सुब्बराम दीक्षितार राहत असत. थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितार यांच्या घराण्याचे ते वारस. त्यांचा 'संगीतसंप्रदायप्रदर्शिनी' हा महाग्रंथ त्याच वर्षी, १९०४ साली, प्रकाशित झाला होता. मुंबईहून आलेल्या, तमिळ न जाणणाऱ्या या पाहुण्याचा आणि वृद्ध पंडिताचा येथे संवाद घडला.

८/२०
या भेटीमुळे भातखंड्यांना सतराव्या शतकातील व्यंकटमखी याच्या 'चतुर्दंडीप्रकाशिका' या ग्रंथाची ओळख झाली. स्वरांच्या निरनिराळ्या जुळण्यांतून ७२ मेल सिद्ध करायचे आणि प्रत्येक राग त्यांपैकी एका मेलाखाली बसवायचा, अशी ही रचना. उत्तरेत तेव्हा राग-रागिणींची 'कुटुंबे' मांडण्याची जुनी रीत चालत होती. कोणता राग पती, कोणती रागिणी पत्नी आणि कोणता त्यांचा पुत्र, याविषयी मतांचा गोंधळ होता. दक्षिणेत त्याऐवजी स्वरांवर आधारलेला हिशेब दिसला.

९/२०
पुढे उत्तर हिंदुस्थानी रागांसाठी भातखंड्यांनी जे दहा थाट मांडले, त्यांचे बीज या प्रवासात आहे. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. संगीताच्या परीक्षांना बसलेल्या प्रत्येकाने ही नावे पाठ केलेली असतात. आपण पाठ केलेली ही यादी एका रेल्वेप्रवासाचे फलित आहे, हे मात्र परीक्षेत कोणी विचारत नाही.

१०/२०
दुसरी मोठी यात्रा १९०७ च्या सुमारास पूर्वेकडची. नागपूर, हैदराबाद, विजयनगरम, कलकत्ता. हैदराबादेत अप्पा तुळशी यांच्यासारख्या संस्कृतज्ञ संगीतशास्त्र्याशी स्नेह जुळला. कलकत्त्यात राजा सौरींद्रमोहन टागोर यांची भेट झाली. संगीतावर विपुल लेखन करून पाश्चात्त्य जगाला त्याची ओळख करून देणारे ते वयोवृद्ध संग्राहक होते. एका पिढीच्या रसिकाने दुसऱ्या पिढीच्या रसिकाची घेतलेली ही भेट होय.

११/२०
भातखंड्यांची पद्धत वकिलाची होती. प्रश्नांची यादी ते आधी तयार करीत. या रागात अमुक स्वर का वर्ज्य? त्याला ग्रंथाधार कोणता? आधार नसेल, तर परंपरा कोणाची? एकच प्रश्न अनेक शहरांतील जाणकारांना विचारून ते उत्तरे ताडून पाहत. साक्षी नोंदवून घेण्याचाच हा प्रकार. आज इतिहासाच्या विद्यार्थ्याला मौखिक परंपरेच्या अभ्यासाचे जे नियम शिकवतात, त्यांपैकी कितीतरी त्यांच्या दैनंदिनीत आधीच आचरणात आलेले दिसतात.

१२/२०
परंतु साक्षीदार नेहमी बोलके नसत. घराण्याची चीज ही उस्तादांची मिळकत होती. ती मुलाला किंवा जावयाला द्यायची, वहीत उतरवून घेणाऱ्या परक्याला नव्हे. भातखंड्यांना हा दडवून ठेवण्याचा स्वभाव खटके. निरक्षर कलावंतांविषयीचे त्यांचे काही शेरे आज वाचताना कठोर, क्वचित अन्यायकारकही वाटतात. पेन्शन नाही, स्वामित्वधन नाही, आश्रय देणारी संस्थाने डळमळीत. अशा माणसाने आपले एकमेव भांडवल फुकट का द्यावे? या प्रश्नाचे वजन त्या शेऱ्यांत पुरेसे उतरलेले नाही.

१३/२०
तिसरी यात्रा उत्तरेची, १९०८-०९ च्या सुमाराची. अलाहाबाद, बनारस, लखनौ, आग्रा, दिल्ली, मथुरा, जयपूर, बिकानेर, उदयपूर. गवयांच्या भेटींइतकाच त्यांना ग्रंथालयांचा ध्यास होता. बिकानेरच्या राजसंग्रहातील संस्कृत संगीतग्रंथांची हस्तलिखिते त्यांना मोलाची वाटली. पुढे असे अनेक दुर्मीळ ग्रंथ त्यांनी मुद्रित करून सर्वांसाठी खुले केले. ज्या पोथ्या पाहण्यासाठी शेकडो मैल जावे लागे, त्या टपालाने मागवता येऊ लागल्या.

१४/२०
काही दारे मात्र चिकाटीने उघडली. जयपूरच्या मनरंग परंपरेतील महंमद अली खाँ आणि त्यांचे पुत्र यांच्याकडून भातखंड्यांना शेकडो बंदिशी मिळाल्या. रामपूर दरबारात तानसेनाच्या परंपरेतील वझीर खाँ होते. तेथील विद्या मिळवण्यासाठी या प्रौढ, पदवीधर ब्राह्मणाने रामपूरचे नवाब हमीद अली खाँ यांचे शिष्यत्व पत्करले. वर उल्लेखिलेल्या कठोर शेऱ्यांच्या शेजारी हे शिष्यत्वही ठेवले पाहिजे. दोन्हींशिवाय माणूस पुरता दिसत नाही.

१५/२०
या भ्रमंतीचे फळ: 'चतुरपंडित' या नावाने लिहिलेला संस्कृत ग्रंथ 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्'. गुरुशिष्यांच्या संवादातून उलगडणारी, मराठीत लिहिलेली चार भागांची 'हिंदुस्थानी संगीतपद्धति'. आणि सहा भागांची 'क्रमिक पुस्तकमालिका', जिच्यात सुमारे १,८०० बंदिशी स्वरलिपीसह आहेत. हिंदुस्थानी संगीताचा हा पायाभूत ग्रंथ मूळ मराठीत आहे, ही गोष्ट आपण मराठी माणसे फारशी सांगत नाही.

१६/२०
पुढे उलटा प्रवास सुरू झाला. रसिक ज्यांच्या दारी जात असे, त्यांना त्याने एका मंडपात बोलावले. १९१६ साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय निघाले, १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज. तेच आजचे भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय. १९ सप्टेंबर १९३६ रोजी भातखंडे निवर्तले.

१७/२०
आता नकाशा समोर ठेवू. मुक्कामांची ही यादी दरबार, विद्यापीठे, ग्रंथालये आणि तीर्थक्षेत्रे यांची आहे. गोंदिया तीत नाही. नागपूर-कलकत्ता लोहमार्गावर आमगाव, सालेकसा, दरेकसा ही आपली स्थानके लागतात. परंतु रागसंगीत शोधणाऱ्याने येथे उतरावे, असे येथे काही असल्याची वार्ताच कोणी दिली नसती. येथे संस्थानिकाचा दरबार नव्हता, पोथीशाळाही नव्हती. गाणे मात्र भरपूर होते.

१८/२०
धानाची कापणी आटोपली, दिवाळी सरली की आपल्याकडे गावोगाव मंडई भरते. तेथे दंडार होते, खडीगंमत रंगते. रात्ररात्र चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांत आजही प्रत्यक्ष वादकांच्या साथीने पदे गायली जातात. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या चार जिल्ह्यांतील ही रंगभूमी तिकिटावर जगते. २०२३ साली या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा अनेकांनी 'झाडीपट्टी' हा शब्द प्रथमच ऐकला. भातखंडे रागाचा शोध घेत होते. दंडार त्यांच्या प्रश्नांच्या यादीत असणे शक्य नव्हते. त्यांना दोष न देता आपण एवढे मात्र नोंदवू शकतो की, जे नोंदले गेले तेच पुढे 'शास्त्रीय' म्हणून अभ्यासक्रमात आले.

१९/२०
त्या परंपरेचे एक टोक आपल्या दारापर्यंत आलेही. गोंदियाहून पूर्वेकडे डोंगरगडला उतरले की पुढे खैरागड. तेथील राजपरिवाराने आपली दिवंगत कन्या इंदिरा हिच्या स्मरणार्थ राजवाडा दिला आणि १९५६ साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले. भातखंड्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तेथे कुलगुरू होते. तिकडे देवासला आजारपणात स्थिरावलेल्या कुमार गंधर्वांनी माळव्याची लोकगीते कान देऊन ऐकली आणि त्यांतून नवे राग उभे केले. लोकधुन व राग यांमधील वाट चालता येते, हे त्यांनी दाखवले.

२०/२०
भातखंड्यांची यात्रा आपल्याला दोन गोष्टी सांगते. पहिली ही की, ज्याला व्यासपीठ नाही असा साधा श्रोताही वही, प्रश्न आणि चिकाटी यांच्या बळावर इतिहास घडवू शकतो. दुसरी ही की, तो ज्या स्थानकावर उतरत नाही, तेथले गाणे इतिहासाबाहेर राहते. आपल्या भागातील दंडारीचे जुने शाहीर आज वृद्ध झाले आहेत. त्यांची पदे बव्हंशी त्यांच्या कंठातच आहेत. या मंडईच्या हंगामात मोबाइल केवळ चित्रफितीसाठी न उचलता त्यांच्याजवळ बसावे, पद कोणाचे, कोणाकडून आले, कधी गायचे, हे विचारून लिहून घ्यावे. पद देणाऱ्याचे नाव मात्र आपल्या नावाच्या आधी लिहावे.

आपल्या गावच्या मंडईत कोणती दंडार होते, तेथे कोणते पद हमखास मागितले जाते, हे खाली अवश्य लिहा. धागा येथे पूर्ण होतो.