एका वर्षाची पाठवणी

शाळेचा शेवटचा निकाल लागला, की आपल्याकडे कॉलेजच्या अर्जांसाठी कोण धावपळ! देशोदेशींच्या ज्यू मुलांना मात्र त्या वयात वर्षभर जेरुसलेमला धाडण्याची रीत पडली. तिचा पाया घालणारी एक संस्था तेथे १९४६ साली निघाली. हिब्रू नि इतिहास शिकावा, किबुट्झच्या सामाईक शेतावर राबावे, आणि मायदेशी परतून तिथल्या मुलांची युवक-मंडळे चालवावीत, एवढाच बेत. पण १९४८ साली शहराला वेढा पडला. पाणीदेखील मापाने मिळू लागले. शिकायला आलेली काही पोरे शहराच्या बचावाला उभी राहिली. मी पडलो शाळामास्तर. मला दिसते ती दूरदेशी टपालाची वाट पाहणारी आई. तरीही आठच वर्षांनी, १९५६ साली, अमेरिकेतील ‘यंग जुडिया’ने असाच वर्षाचा अभ्यासक्रम काढला, आणि आयांनी पुन्हा पेट्या भरल्या. त्याच ऑक्टोबरात सुएझचे युद्ध पेटले.