दिवाणबहादूर अण्णासाहेब लठ्ठे : सभागृहातील एक जैन श्रावक

दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाच्या जागृतीचा इतिहास लिहावयाचा झाल्यास अण्णा बाबाजी लठ्ठे हे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांचा जन्म १८७८ साली कुरुंदवाड येथे झाला. उच्च शिक्षण घेऊन समाजात परतलेल्या पहिल्या पिढीतील ते एक होत. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीत त्यांचा मोलाचा वाटा होता. १९०५ मध्ये त्यांनी इंग्रजीत जैन धर्माचा परिचय करून देणारा ग्रंथ लिहिला.

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगची सूत्रे त्यांच्याकडे असतानाचा एक प्रसंग भाऊराव पाटलांच्या चरित्रात येतो. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास भाऊराव गेले. परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे १९१४ मध्ये कोल्हापुरात पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले. संशयाची सुई लठ्ठे यांच्याकडे वळली. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांचा अनन्वित छळ झाला. परंतु ज्यांनी आपल्याला बाहेर काढले, त्यांच्याविरुद्धही ते असत्य बोलले नाहीत. सत्यव्रताचे याहून बोलके उदाहरण विरळाच.

या प्रकरणाने छत्रपती शाहू महाराज व लठ्ठे यांच्यात दुरावा आला आणि लठ्ठे बेळगावी जाऊन वकिली करू लागले. तथापि मनातील कटुता त्यांनी लेखणीत उतरू दिली नाही. महाराजांच्या निधनानंतर १९२४ मध्ये त्यांनीच महाराजांचे विस्तृत इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. पुढे ते कोल्हापूर संस्थानचे दिवाणही झाले. क्षमा हा दशलक्षण धर्मातील पहिला धर्म केवळ पर्वापुरता नसतो, हे त्यांच्या आचरणातून दिसले.

१९२१ नंतर आजच्या संसदेचे पूर्वरूप असलेल्या मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी लोकप्रतिनिधी म्हणून काम केले. १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात मुंबई प्रांताचे अर्थखाते त्यांच्याकडे आले. येथे त्यांची खरी कसोटी लागली. सरकारने दारूबंदीचे धोरण स्वीकारले. पण मद्यावरील कर हा प्रांताच्या तिजोरीचा मोठा आधार होता. धोरण राबवावे, तर शाळा व दवाखाने यांचा खर्च कोठून भागवावा? शहरांतील स्थावर मालमत्तेवर कर बसविण्याचा मार्ग अवलंबिण्यात आला. मालमत्ताधारकांनी विरोध केला, तरी सरकार मागे हटले नाही. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली. त्याच वर्षी, युद्धाच्या प्रश्नावर, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

१९५० मध्ये अण्णासाहेबांचे निधन झाले. सांगलीतील लठ्ठे एज्युकेशन सोसायटी त्यांचे नाव आजही जपत आहे. व्यसनमुक्तीचा उपदेश करणारे पुष्कळ असतात. त्याची आर्थिक किंमत मोजण्याची जबाबदारी अंगावर घेणारे थोडे. अण्णासाहेब त्या थोड्यांपैकी एक होते, म्हणूनच समाजाच्या नव्या पिढीने त्यांचे चरित्र अवश्य अभ्यासावे.